घर घ्यायच्या आधी आपले अंदाज तोडून बघा: भाड्यासाठी प्रॉपर्टी घेणाऱ्यांसाठी सविस्तर गाईड

माझ्या पहिल्या भाड्याच्या फ्लॅटची एक्सेल शीट अजून लॅपटॉपमधे पडून आहे. त्यातल्या एका सेलमधे "१२" लिहिलंय, म्हणजे वर्षातले किती महिने भाडं मिळणार तर बारा. हा आकडा आणला कुठून हे आठवायला गेलो तर एवढंच आठवतं की एजंट लिफ्टमधे म्हणाला होता, "इथे फ्लॅट रिकामा राहतच नाही सर, लाईन लागते." मी घरी आलो आणि १२ टाइप केला. चौदा महिन्यांनी जवळचं मोठं ऑफिस दुसरीकडे हललं, भाडेकरू गेला आणि फ्लॅट पाच महिने कुलूप लावून पडला. लाईन लागली होती खरी, पण सोडून जाणाऱ्यांची.

एजंट खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी ते खरंही असेल कदाचित. गाढवपणा माझा की मी त्याच्या वाक्याला आकडा समजलो. शीटमधे सगळे आकडे एकाच फाँटमधे दिसतात ना, त्यामुळे बँकेने लेखी दिलेला हप्ता आणि लिफ्टमधे ऐकलेलं भाडं शेजारी शेजारी बसले की दोन्ही सारखेच पक्के वाटायला लागतात, आणि खाली टोटल आली की तर विचारूच नका, जणू कुणी ऑडिट करून दिलंय.

त्यानंतर मी जे काही शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. "माझा अंदाज बरोबर आहे का" हे स्वतःला विचारून काही हाती लागत नाही, कारण घर आवडलेलं असतं आणि आपण आपल्यालाच हो म्हणून टाकतो. त्याऐवजी विचारायचं, "हा अंदाज किती चुकला तर व्यवहार बुडतो?" याचं उत्तर गणित देतं, मन नाही.

पहिलं काम: सगळे अंदाज कागदावर, आणि पुढे त्याचं कुळ-मूळ

घेताना आपण डोक्यात किती गोष्टी धरून चालतो हे लिहायला बसल्याशिवाय कळत नाही. भाडं किती, वर्षात किती महिने रिकामं, भाडं दरवर्षी किती वाढणार, मेंटेनन्स, टॅक्स, इन्शुरन्स, घेतल्या घेतल्या करायची डागडुजी, व्याजदर, किमतीची वाढ, विकायला लागणारा वेळ, विकतानाचा खर्च, आणि सगळ्यात विसरला जाणारा अंदाज म्हणजे "बाकी सगळं मी बघून घेईन".

प्रत्येकापुढे आकडा लिहा. "चांगलं भाडं", "डिमांड आहे", "एरिया डेव्हलप होतोय" हे आकडे नाहीत, यातलं काहीच चुकीचं ठरू शकत नाही म्हणून ते तपासताही येत नाही. मग आकड्यापुढे तो कुठून आला ते. मी चार अक्षरं वापरतो: "ले" म्हणजे लेखी, "मो" म्हणजे मी स्वतः मोजलेला, "ऐ" म्हणजे ऐकलेला आणि "म" म्हणजे मनाचा. ऐकलेल्यापुढे कुणाकडून ऐकलं तेही लिहायचं, आणि व्यवहार झाला तर त्याला काय मिळणार आहे तेही. एजंटला कमिशन, बिल्डरला गिऱ्हाईक, आणि "घेऊन टाक रे" म्हणणाऱ्या भावाला काही नाही, पण त्याने मागच्या वर्षी तिथेच घेतलेलं असतं आणि त्याला आपला निर्णय बरोबर ठरायला हवा असतो.

बँकेबद्दल एक वेगळं सांगतो. "बँकेने व्हॅल्युएशन केलं, लोन दिलं, म्हणजे प्रॉपर्टी चांगलीच असणार" हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय. बँक किमतीच्या ७० टक्के देते तेव्हा ती बघते की तिचे ७० सुटतील का. किंमत पडली तर आधी तुमचे ३० जातात, मग तिची पाळी. तिची काळजी तुमच्या काळजीपेक्षा बरीच नंतर सुरू होते, त्यामुळे तिची मंजुरी म्हणजे तुमच्या नफ्याचं सर्टिफिकेट नव्हे.

माझ्या जुन्या शीटला ही अक्षरं लावून बघितली तर अकरा अंदाजांपैकी दोन "ले" निघाले, "मो" शून्य. बाकी नऊ ऐकलेले आणि मनाचे. म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हायची पूर्ण तयारी होती.

दुसरं काम: कुठला अंदाज किती चुकला की गाडी रुळावरून उतरते

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. किंमत १००० धरा, तुमचं जे चलन असेल ते. घेतानाचे टॅक्स, कागदपत्रं, डागडुजी मिळून ८०. लोन ७००, ८ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. म्हणजे खिशातून गेले ३८०. हप्ता येतो महिन्याला सुमारे ५.८६, वर्षाला ७० च्या किंचित वर. भाडं महिना ७.५, वर्षाला ९०. वर्षाचा खर्च १५.

९० वजा १५ वजा ७०. पाच उरले. "घर स्वतःचा हप्ता स्वतः भरतंय" म्हणून आपण खूष, एजंटही खूष.

आता एकेक अंदाज हातात घ्या आणि हे पाच शून्य होईपर्यंत तो ताणा, बाकीचे आहेत तिथे ठेवून. रिकामे दिवस: ७.५ च्या भाड्यात ५ म्हणजे जेमतेम २० दिवस. वर्षात २० दिवस फ्लॅट रिकामा राहिला की संपलं, एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत रंगरंगोटीतच एवढे दिवस जातात. भाडं: साडेपाच टक्के कमी मिळालं की शून्य, म्हणजे भाडेकरूने "थोडं कमी करा ना" म्हटलं आणि तुम्ही भिडेपोटी केलं, तरी संपलं. खर्च: १५ चे २० झाले की शून्य. व्याज: ८ चं ८.९ झालं की हप्ता वर्षाला ७५ आणि पुन्हा शून्य.

यातला सगळ्यात नाजूक कोण? माझ्या मते रिकामे दिवस, कारण बाकीचे तीन कदाचित चुकतील, पण २० दिवस रिकामं राहणं हे चुकणं पण नाही, ते नेहमीचंच आहे. हे कळायला एक पैसा लागला नाही, कुणाला भेटावं लागलं नाही, दहा मिनिटं लागली. आणि आता कुठे जाऊन काय तपासायचं तेही ठरलं, नाहीतर लोक टाईल्स आणि नळांचे ब्रँड बघण्यात दोन रविवार घालवतात.

जे अंदाज दुप्पट चुकले तरी काही बिघडत नाही ते सोडून द्या. इन्शुरन्सचा हप्ता ०.८ की १.१ यावर डोकं आपटायची गरज नाही.

तिसरं काम: नाजूक अंदाज जागेवर जाऊन मोजणं

यात सगळ्यात जास्त वेळ द्या, मीही इथे जास्त लिहिणार आहे.

*भाडं.* जाहिरातीत दिसतं ते मागितलेलं भाडं, मिळालेलं नाही. म्हणून मालक बनून फोन करू नका, भाडेकरू बनून करा. तोच एजंट तुम्ही घेणारे असताना ७.५ म्हणतो आणि भाड्याने हवंय म्हटलं की "७.५ लिहिलंय पण ७ ला करून देतो, बोला कधी येताय" म्हणतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फोन ठेवून हसतच बसलो होतो, अर्धा टक्का शरम पण वाटली. एवढंच करायचं की फोनवर भाव काढायचा, पण कुणाला उगाच जागा दाखवायला पळवायचं नाही. तसल्याच फ्लॅटच्या पाच-सहा जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. ज्या अजून तिथेच आहेत त्यांचं भाडं बाजाराला मान्य नाही. ज्या गायब झाल्या त्यांना फोन करून विचारा कितीला गेला, काही जण सांगतात.

*रिकामे दिवस.* यासाठी मी जे करतो त्याला घरचे हसतात. ज्या बिल्डिंगमधे घ्यायचंय तिच्यासमोर संध्याकाळी साडेआठला जाऊन उभं राहायचं आणि अंधाऱ्या खिडक्या मोजायच्या. एका दिवसाने काही कळत नाही, लोक बाहेर गेलेले असतात, म्हणून तीन वेळा, त्यातला एक तरी सुट्टीचा दिवस. हातात बिल्डिंगचं साधं चौकटी-चौकटीचं चित्र घ्यायचं आणि अंधार दिसेल तिथे फुली. तिन्ही दिवशी फुली आली तेच फ्लॅट धरायचे.

दुसऱ्या वेळी घ्यायला गेलो तेव्हा अशा एका बिल्डिंगचे ४८ फ्लॅट मोजले. तिन्ही वेळा अंधार असलेले ११ निघाले. एजंटच्या मते रिकामे "एखाद-दोन". मग खाली लेटरबॉक्स बघितले, अकरापैकी चार बॉक्स बिलांनी आणि पत्रकांनी ठासून भरलेले, एकातून तर कागद बाहेर लोंबत होते आणि वरचा कागद उन्हाने पिवळा पडला होता. म्हणजे चार तर नक्की रिकामे, बाकी सात रात्रपाळीचे, गावाला गेलेले किंवा रिकामे, माहीत नाही. ४८ मधे ४ म्हणजे सुमारे ८ टक्के, वर्षाच्या हिशोबात एक महिना. ११ धरले तर २३ टक्के, पावणेतीन महिने. पण थांबा, ४८ मधे निम्म्या घरांत मालक स्वतः राहात होते, ते भाड्याच्या बाजारात नाहीतच. मग ४ ला २४ ने भागायचं, म्हणजे भाड्याच्या घरांपैकी सहातलं एक रिकामं, वर्षाला दोन महिने. उदाहरणातला व्यवहार २० दिवसांत मोडतो हे लक्षात आहे ना? मी तो फ्लॅट सोडला.

ही मोजणी काही शास्त्रीय नाही हे मान्य, पण "ऐ" चा "मो" झाला आणि खर्च काय तर तीन संध्याकाळी.

सोबत हेही बघा की भाडेकरू कोण आहेत. सगळे एकाच ऑफिसचे, एकाच कॉलेजचे, एकाच हॉस्पिटलचे असतील तर तुमचं भाडं त्या एका संस्थेच्या मर्जीवर आहे. माझं तेच झालं होतं. आणि एक-दीड किलोमीटरच्या परिसरात किती नव्या बिल्डिंगा अर्ध्यावर आहेत ते चालत फिरून मोजा, कारण त्या पूर्ण झाल्या की तुमच्या भाडेकरूला नवी लिफ्ट आणि नवं बाथरूम तुमच्याच भावात मिळणार आहे.

*खर्च आणि डागडुजी.* चालू खर्चाचा अंदाज करायचाच नाही, विकणाऱ्याकडे मागच्या तीन वर्षांच्या पावत्या मागायच्या. देत नसेल तर ती पण माहितीच आहे. डागडुजीचं मात्र अवघड असतं, कारण भिंत फोडल्याशिवाय आतला पाइप दिसत नाही. दोन वेगळ्या कॉन्ट्रॅक्टरांकडून लेखी कोटेशन घ्या आणि मग ती बाजूला ठेवून त्याच बिल्डिंगमधल्या तिघांना विचारा की तुमचं ठरलं होतं किती आणि झालं किती.

या तिघांना विचारण्यामागे डोकं आहे. डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मधे दाखवून दिलं की आपण कामाचा वेळ आणि खर्च ठरवताना आपल्या कामाच्या बारकाव्यात शिरतो आणि सगळं सुरळीत होणार असं धरतो, आणि तसल्याच आधीच्या कामांचं काय झालं हे बघतच नाही. सिडनीच्या ऑपेरा हाऊसचं सगळ्यांना माहीत आहे, १९६३ ला पूर्ण व्हायचं ते १९७३ ला झालं आणि खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या चौदा पटींहून वर गेला. आपलं बाथरूम म्हणजे ऑपेरा हाऊस नाही, पण चूक त्याच जातीची असते. शेजारच्या तिघांचं ठरल्यापेक्षा सरासरी ४० टक्के वर गेलं असेल तर तुमचंही ४० टक्के वर धरा, "माझा कॉन्ट्रॅक्टर ओळखीचा आहे" हे कारण त्या तिघांकडेही होतं.

*व्याज.* बदलता दर असेल तर दोन टक्के वर गेल्यावर हप्ता किती होतो ते बँकेलाच विचारा, लेखी. बहुतेकदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते आणि आपल्याला वाटतं काही झालंच नाही, तर ते पण विचारून घ्या.

*कागद.* मालकी हक्क, परवानग्या, जागेवर जायचा रस्ता कायदेशीर आहे का, आधीचं कर्ज किंवा कोर्टकेस. इथे किती चुकलं तर चालेल हा प्रश्नच नाही, कागद खरा असतो नाहीतर नसतो. भाव कमी करून दिला म्हणून खोट्या कागदाचा खरा होत नाही. वकील तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. बास.

*येऊ घातलेला रस्ता, पूल, स्टेशन.* "दोन वर्षांत स्टेशन होतंय" यात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात: नुसती घोषणा झाली, पैसे मंजूर झाले, ठेका दिला गेला, किंवा प्रत्यक्ष खांब उभे राहिलेत. कुठल्या पायरीवर आहे ते शोधा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी अशातला प्रकार आहे हा, म्हणून शीटमधे त्याची किंमत शून्य लिहायची. स्टेशन न होताही व्यवहार परवडत असेल तर घ्या, झालंच तर बोनस. आणि विकणारा त्या स्टेशनचे पैसे आजच मागत असेल तर फायदा त्याचा, वाट बघणं तुमचं.

चौथं काम: सगळ्या चुका एकाच वेळी

आत्तापर्यंत एकेक अंदाज ताणला, पण खऱ्या आयुष्यात मंदी आली की भाडेकरूची नोकरी जाते, फ्लॅट रिकामा राहतो, नव्या माणसाला भाडं कमी करून द्यावं लागतं, आणि गिऱ्हाईकही गायब होतं, हे सगळं एकाच हंगामात. एकमेकांचा हात धरून येतात मेले.

तर उदाहरणात अगदी साध्या, रोजच्या चुका घाला. एक महिना रिकामं, भाडं ५ टक्के कमी, खर्च १५ ऐवजी १८, व्याज ८ ऐवजी साडेआठ. भाडं आलं ११ महिन्यांचं ७८.४, खर्च १८, हप्ते ७२.९. उरले उणे १२.५. कुठलंही संकट नाही, भूकंप नाही, तरीही अधिक पाचवरून उणे साडेबारा, म्हणजे दरवर्षी जवळपास पावणेदोन महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे खिशातून घालायचे.

आता खरा प्रश्न: हे पैसे तुम्ही किती वर्षं घालू शकता? आणि ते यायचे कुठून, त्याच नोकरीतून ना, जी मंदीत तुमचीही जाऊ शकते? याचं उत्तर बायकोसमोर किंवा नवऱ्यासमोर मोठ्याने द्या, कारण मनातल्या मनात दिलेलं उत्तर नेहमी "बघू" असतं.

पाचवं काम: "किंमत तर वाढणारच" याची झडती

सगळी गळती शेवटी या एका वाक्याने बुजवली जाते. भाडं सुटत नाही? हरकत नाही, किंमत वाढेल. म्हणून सगळ्यात जास्त संशय यावर घ्या.

आधी इतिहास. आम्सटरडॅममधे हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे, त्याच्या काठच्या घरांचे १६२८ ते १९७३ पर्यंतचे व्यवहार घेऊन पीट आइखोल्ट्स या अर्थतज्ज्ञाने इंडेक्स बनवला. पैशाची जागा, कायम मागणी, तर साडेतीनशे वर्षांत महागाई वजा करून किंमत किती वाढली? साधारण दुप्पट. वर्षाला पाव टक्क्याच्याही आत. जपानमधे शहरी जमिनीचे भाव १९९१ च्या आसपास शिखरावर गेले आणि मग दीड दशक उतरतच राहिले. अमेरिकेत केस-शिलर इंडेक्सप्रमाणे देशपातळीवर २००६ च्या शिखरापासून २०१२ पर्यंत घरांच्या किमती सुमारे २७ टक्के पडल्या, आणि त्याआधी तिथले लोकही म्हणत होतेच की सगळ्या देशात एकदम किमती कधी पडत नाहीत.

"आजोबांनी घेतलं तेव्हा किती होतं आणि आज किती आहे बघ" हे म्हणणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. तेव्हा पगार किती होता? आणि आजोबांनी घेतलेल्या ज्या जागा बुडाल्या त्यांच्या गोष्टी घरात कोण सांगतं?

आता आपल्या उदाहरणात १० वर्षांनी विकायचं धरू. लोनचे तेव्हा सुमारे ४८३ बाकी असतात (हो, निम्मी मुदत झाली तरी निम्म्याहून बरंच जास्त बाकी, सुरुवातीचे हप्ते व्याजातच जातात). विकायचा खर्च ५ टक्के. किंमत वर्षाला ६ टक्के वाढली तर १७९१ होते, सगळं देऊन हातात १२१८ येतात, तुमच्या ३८० वर वर्षाला १२ टक्क्यांहून थोडं जास्त सुटलं. मस्त. ३ टक्के वाढली तर १३४४, हातात ७९४, साडेसात टक्क्यांच्या वर थोडं. अजिबात वाढली नाही तर हातात ४६७, वर्षाला फक्त २ टक्के.

आणि हे भाड्याचं सगळं गोड गोड धरून (वर्षाला उरणारे पाच मात्र यात मिळवलेले नाहीत, ते मिळवले तर आकडे साधारण एक टक्क्याने वर जातात). चौथ्या कामातल्या साध्या चुका आणि ३ टक्के वाढ एकत्र घातली, म्हणजे दरवर्षी साडेबारा खिशातून घालत गेलात, तर परतावा येतो साधारण ५ टक्के. बँकेला देताय साडेआठ. साडेआठने पैसे घेऊन पाचने लावायचे, वर भाडेकरूचा गीझर बिघडला की रविवारी फोन घ्यायचा.

अजून एक अंदाज इथेच लपलेला असतो, तो म्हणजे "मी दहा वर्षं थांबेन". दोनच वर्षांत विकावं लागलं तर बघा. लोन बाकी ६६९. किंमत जराही पडली नाही, हजारच मिळाले, तरी विक्रीखर्च जाऊन ९५०, लोन फेडून उरले २८१. घातले होते ३८०. किंमत न पडताच पाव हिस्सा गेला. नुसती मुद्दल सुटायला दोन वर्षांत १० टक्क्यांहून जास्त वाढ लागते. म्हणून आजारपण, बदली, घरातली वाटणी, कशासाठीही पुढच्या तीन-चार वर्षांत हेच पैसे लागण्याची शक्यता असेल तर बाकीची शीट उघडूच नका.

विकायला किती वेळ लागतो हे तपासायचं तर यावेळी विकणारे बनून फोन करा. "असाच फ्लॅट आहे, तीन महिन्यांत पैसे हवेत, किती मिळतील?" घेताना १००० सांगणारा तोच बाजार विकताना काय सांगतो ते ऐकून घ्या.

सहावं काम: मेलेल्या व्यवहाराचं पोस्टमॉर्टम, आधीच

गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००७ मधे "प्रीमॉर्टम" म्हणून एक पद्धत लिहिली होती, मूळ कंपन्यांच्या प्रोजेक्टसाठी, पण घरासाठी फारच चालते. टोकन द्यायच्या आदल्या दिवशी दोघा-तिघांनी बसायचं आणि असं धरायचं की पाच वर्षं उलटली आणि हा व्यवहार पार फसला. फसेल का हे बोलायचं नाही, फसलाच आहे. आता प्रत्येकाने पाच मिनिटं गप्प बसून का फसला ते लिहायचं आणि मग वाचून दाखवायचं.

गप्प बसून लिहायचं हे महत्त्वाचं, नाहीतर जो सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याचीच कारणं येतात. आमच्याकडे बायकोने लिहिलं होतं, "तू तिथे जायचा कंटाळा केलास." मी भाडं, व्याज, मंदी असली भारी भारी कारणं लिहिली होती आणि हिने एका ओळीत विषय संपवला. फ्लॅट घरापासून दीड तास लांब होता. "मी बघून घेईन" या अंदाजाला मी आकडाच दिला नव्हता. दिला असता तर दिसलं असतं की वर्षाला दहा चकरा म्हणजे दहा सुट्ट्या, नाहीतर मॅनेज करणाऱ्याला भाड्यातला वाटा.

या बैठकीत जे नवीन कारण निघेल ते परत पहिल्या यादीत टाका, आकडा द्या, कितीला मोडतं बघा.

सातवं काम: थांबायचा आकडा, आणि घेतल्यानंतरची तिसरी रांग

सगळं तपासून झालं की उलटा हिशोब करायचा. नाजूक अंदाज मोजून आलेल्या आकड्यांवर ठेवा आणि बघा किती किमतीला व्यवहार परवडतो. उदाहरणात १००० ला नाही परवडत; चौथ्या कामातले आकडे आणि ७० टक्के लोन धरलं तर नुसता हप्ता सुटायलाच किंमत ८३० च्या आसपास यावी लागते. तो आकडा लिहून, तारीख टाकून, घरातल्या कुणाकडे तरी देऊन ठेवा आणि मगच बोलणी करायला बसा. कारण "अजून एक पार्टी बघून गेलीय, आज संध्याकाळपर्यंत सांगा" हे वाक्य आलं की भली भली माणसं भाडं ७ चं परत ७.५ करतात, शीटमधे एक सेल बदलायला लागतंच काय.

घेतलंच तर शीट बंद करू नका. अंदाज, मोजलेलं आणि त्यापुढे तिसरी रांग, प्रत्यक्षात काय झालं. दर सहा महिन्यांनी भरायची. माझ्या दुसऱ्या फ्लॅटची रांग तीन वर्षांची झालीय: रिकामं धरलं होतं वर्षाला दोन महिने, झालं सरासरी दीड. भाडं जवळपास बरोबर. डागडुजी, तिघांना विचारून ४० टक्के वाढवून धरली होती, तरीही त्याच्या वर गेली, बाथरूमच्या भिंतीत जुना पाइप निघाला. आणि चकरा वर्षाला सहा धरल्या होत्या, झाल्या चौदा.

पुढच्या शीटमधे मी चौदा लिहिणार आहे, आणि पुढे "मो".